खेळते पाणी आणि बुळबुळीत थर

मांजरांसाठी आणि कुत्र्यांसाठी मिळणाऱ्या पाण्याच्या कारंज्याची रचना साधी असते. खाली दोन-तीन लिटरची टाकी, तिच्या तळाशी पाण्यात बुडालेला छोटा विजेचा पंप, एक फिल्टर आणि सर्वांत वर पाणी बाहेर येण्याची जागा. ती जागा कधी बारीक तोटी असते, कधी फुलाच्या आकाराची, तर कधी नुसता उतार. पंप पाणी वर ढकलतो, ते पसरट भागावरून वाहते, फिल्टरमधून गाळले जाते आणि पुन्हा टाकीत उतरते. दिवसभर तेच पाणी फिरत राहते. डोळ्यांना ते झऱ्यासारखे दिसत असले तरी झऱ्यात मागून नवे पाणी येत असते आणि जुने पुढे निघून जाते. कारंज्यात यांपैकी काहीच होत नाही. सोमवारी पाण्यात पडलेली लाळ, केस आणि खाण्याचा चुरा शनिवारीही त्याच टाकीत असतो. फिल्टरने त्यातले काही अडवले, तरी अडवलेला मळ फिल्टरमध्ये, म्हणजे पाण्यातच, पडून राहतो. कारंज्याच्या स्वच्छतेचा सगळा विचार इथून सुरू होतो.

कारंजी मुख्यतः मांजरांसाठी घेतली जातात आणि त्यामागे कारण आहे. पाळीव मांजराचे पूर्वज म्हणजे आफ्रिका आणि पश्चिम आशियातील कोरड्या प्रदेशांत राहणारी रानमांजरे. उंदीर, पक्षी अशा शिकारीच्या मांसातूनच त्यांना बहुतेक पाणी मिळे. त्यामुळे मांजराची मूत्रपिंडे लघवी फार घट्ट करू शकतात आणि तहानेची जाणीव मात्र मंद असते. शिकारीच्या मांसात सुमारे सत्तर टक्के पाणी असते. पाकिटातल्या कोरड्या दाण्यांत ते दहा टक्क्यांच्या आसपास असते. दाण्यांवर वाढलेल्या मांजराला ही तूट पिऊन भरून काढावी लागते. चार किलोच्या मांजराला खाण्यातले पाणी धरून दिवसाला साधारण २०० मिलिलिटर पाणी लागते. ते कमी पडत राहिले की लघवी आणखी घट्ट होते आणि मूत्राशयात खडे होण्याचा धोका वाढतो. वाहते पाणी पाहून मांजर अधिक पिते, या अपेक्षेने कारंजे आणले जाते. या अपेक्षेला संशोधनाचा आधार मात्र अर्धवटच आहे. काही अभ्यासांत कारंज्यामुळे पिणे किंचित वाढलेले दिसले, तर काहींत साधे भांडे आणि कारंजे यांत एकूण फरकच आढळला नाही. एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली: आवड मांजरागणिक वेगळी असते. काही मांजरांना वाहते पाणीच लागते आणि अशा मांजराच्या घरी कारंजे खरोखर उपयोगी पडते. पण मांजराची वासाची जाणीव तीक्ष्ण असते. मळलेल्या, वास येणाऱ्या कारंज्याकडे ते पाठ फिरवते आणि ज्यासाठी ही वस्तू आणली तेच साधत नाही.

पाण्यात मळ कसा जातो, हे प्राण्यांच्या पिण्याच्या रीतीवरून कळते. मांजराच्या पिण्याचा अभ्यास पेड्रो रीस, सुंगह्वान जंग, जेफ्री अरिस्टॉफ आणि रोमन स्टॉकर या संशोधकांनी वेगवान चित्रणाच्या साहाय्याने केला आणि तो २०१० मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आला. मांजर जिभेचे टोक पाण्याच्या पृष्ठभागाला नुसते टेकवते आणि झटकन वर खेचते. जिभेला चिकटून पाण्याचा एक बारीक स्तंभ वर येतो आणि तो कोसळण्याआधी मांजर तोंड मिटते. हे सेकंदाला तीन-चार वेळा घडते आणि दर वेळी जेमतेम ०.१ मिलिलिटर पाणी तोंडात जाते. इतक्या नीटनेटक्या पद्धतीतही मिशांवरचे, हनुवटीवरचे केस आणि दाण्यांची भुकटी पाण्यात पडतेच. कुत्र्याची रीत याहून धसमुसळी. तो जीभ मागच्या बाजूला वळवून जोराने पाण्यात खुपसतो आणि तितक्याच जोराने बाहेर काढतो. त्यात पाणी उडते आणि तोंडातली लाळ व अन्नाचे कण परत भांड्यात येतात. म्हणूनच कुत्रा पीत असलेले कारंजे मांजराच्या कारंज्यापेक्षा लवकर मळते आणि दोघे एकच कारंजे वापरत असतील तर ते कुत्र्याच्या हिशेबानेच धुवावे लागते. याशिवाय हवेतली धूळ, लिटर बॉक्समधून पंजांना लागून आलेली वाळू आणि पाणी भरणाऱ्याच्या हातांवरचे जिवाणू यांचीही भर पडते.

हा मळ पाण्यात तरंगत राहिला असता तर पाणी बदलून काम भागले असते. पण तो भिंतींना चिकटतो. भांडे पाण्याने भरल्यापासून काही मिनिटांतच लाळेतली प्रथिने आणि इतर सेंद्रिय रेणू आतल्या पृष्ठभागावर बसतात. काही तासांत पाण्यातले जिवाणू त्यावर येऊन टेकतात. सुरुवातीला ही पकड सैल असते. साध्या धुण्याने ते निघून जातात. पण जागा अनुकूल वाटली की जिवाणू आपल्याभोवती चिकट पदार्थ स्रवू लागतात. त्यात बहुशर्करा, प्रथिने आणि फुटलेल्या पेशींमधला डीएनए असतो. या चिकट आवरणात जिवाणू वाढतात, त्यांच्याबरोबर बुरशी आणि एकपेशीय जीवही येतात आणि दोन-चार दिवसांत बोटाला जाणवेल असा बुळबुळीत थर तयार होतो. सूक्ष्मजीवशास्त्रात त्याला बायोफिल्म म्हणतात. सकाळी उठल्यावर दातांवर जिभेला लागणारे किटण हीसुद्धा बायोफिल्मच. चूळ भरून ते जात नाही, ब्रशने घासावेच लागते. कारंज्याचेही तसेच आहे.

बायोफिल्मचे दोन गुण घरच्या धुण्याला आव्हान देतात. पहिला म्हणजे आतले जिवाणू आवरणामुळे सुरक्षित असतात. सुट्या जिवाणूंना मारणारी क्लोरीनची मात्रा या थरातल्या जिवाणूंपर्यंत नीट पोचत नाही. वरच्या भागातच ती खर्ची पडते. दुसरा गुण असा की थर पुरेसा वाढला की त्याचे तुकडे आणि जिवाणू सुटून पुन्हा पाण्यात येतात. थर तसाच ठेवून टाकीत ताजे पाणी भरले तर काही तासांत त्या पाण्यातही तेच जिवाणू दिसू लागतात. ‘रोज पाणी बदलतो, तरी बुळबुळ येते’ ही तक्रार पशुवैद्यांना आणि विक्रेत्यांना नेहमी ऐकू येते, तिचे उत्तर इथे आहे.

थराचा रंग पाहून त्यात काय वाढते आहे याचा अंदाज बांधता येतो. हिरवा रंग शेवाळाचा असतो आणि शेवाळाला उजेड लागतो. खिडकीत, उन्हाच्या पट्ट्यात ठेवलेले पारदर्शक कारंजे लवकर हिरवे होते. तेच सावलीत सरकवले की ही वाढ मंदावते. काळे ठिपके बहुधा बुरशीचे असतात आणि ते झाकणाच्या आतल्या बाजूला, रबरी पट्टीखाली, जिथे ओल असते पण पाण्याचा प्रवाह नसतो, तिथे धरतात. गुलाबी किंवा नारिंगी कड पाण्याच्या पातळीला दिसली तर ती पुष्कळदा सेराशिया मार्सेसन्स या जिवाणूची असते. बाथरूमच्या फरशीच्या सांध्यांत दिसणारा गुलाबी थरही बरेचदा त्याचाच. या जिवाणूचा इतिहास मनोरंजक आहे. १८१९ मध्ये इटलीतील पादुआजवळच्या गावांत मक्याच्या पिठाच्या खिरीसारख्या पदार्थावर, पोलेंतावर, रक्तासारखे लाल डाग पडू लागले आणि लोक घाबरले. बार्तोलोमेओ बिझिओ या औषधशास्त्रज्ञाने प्रयोग करून हे एका सूक्ष्मजीवाचे काम असल्याचे दाखवले आणि त्याला सेराशिया हे नाव दिले. निरोगी प्राण्याला या जिवाणूचा सहसा त्रास होत नाही. आजारी, वृद्ध किंवा प्रतिकारशक्ती कमी झालेल्या प्राण्यांना मात्र त्यापासून संसर्ग होऊ शकतो. गुलाबी कड दिसणे म्हणजे धुण्याची वेळ कधीच उलटून गेली आहे. रंगहीन थर सर्वांत फसवा असतो. तो दिसत नाही, बोट फिरवल्यावरच कळतो. म्हणून कारंजे धुवायला घेण्याआधी आणि धुऊन झाल्यावर आतल्या भिंतीवरून स्वच्छ बोट फिरवून पाहणे ही सर्वांत सोपी आणि खात्रीची परीक्षा आहे.

आता फिल्टरबद्दल. बहुतेक कारंज्यांच्या फिल्टरमध्ये केस अडवणारा कापसाचा किंवा फोमचा थर, वास आणि रंग शोषणारा सक्रिय कोळसा, आणि पाण्याचा जडपणा काहीसा कमी करणारे रेझिनचे मणी असतात. पालिकेच्या पाण्यात जंतू वाढू नयेत म्हणून थोडे क्लोरीन शिल्लक ठेवलेले असते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार, आयएस १०५०० नुसार, ते लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम असावे. सक्रिय कोळसा हेच क्लोरीन काढून टाकतो. पाण्याची चव सुधारते, मांजर खूश होते, पण पाण्याचे संरक्षणही निघून जाते. शिवाय कोळशाच्या अगणित बारीक छिद्रांत अन्नाचे कण अडकून जिवाणूंना राहायला प्रशस्त जागा मिळते. म्हणजे फिल्टर बसवलेले कारंजे जंतूंच्या बाबतीत साध्या भांड्यापेक्षा अधिक सुरक्षित असते, हा समज चुकीचा आहे. त्याला साध्या भांड्यापेक्षा जास्तच निगा लागते. घरच्या आरओ यंत्राचे पाणी भरले तरी हेच लागू होते, कारण त्या यंत्रातही क्लोरीन आधीच काढलेले असते. काही महागड्या कारंज्यांत अतिनील किरणांचा दिवा असतो. त्याच्यासमोरून जाणाऱ्या पाण्यातले जंतू तो कमी करतो, पण जिथे किरण पोचत नाहीत अशा कोपऱ्यांत, नळीत आणि पंपात चिकटलेल्या थराला तो काही करू शकत नाही.

कारंजे कशाचे आहे यालाही महत्त्व आहे. प्लास्टिक हलके आणि स्वस्त असते, पण घासणीने आणि दातांनी त्यावर बारीक चरे पडतात आणि त्या चऱ्यांत थर टिकून राहतो. चकाकी असलेली चिनी माती चांगली, फक्त ती कुठे टवका उडालेली किंवा तडकलेली नसावी. पोलादाचे भांडे सर्वांत सोयीचे: चरे कमी पडतात, गरम पाणी चालते, पडून फुटत नाही. इंग्लंडमधील हार्टपरी विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ मध्ये कुत्र्यांच्या पाण्याच्या भांड्यांची अशी तुलना केली. प्लास्टिकच्या भांड्यांत जिवाणूंची एकूण संख्या सर्वांत जास्त निघाली, तर रोग पसरवू शकणाऱ्या जाती चिनी मातीच्या भांड्यांत अधिक वेळा सापडल्या. अभ्यास छोटा होता, त्यामुळे चिनी मातीला लगेच वाईट ठरवण्याचे कारण नाही; पण धुतल्याशिवाय कोणतेच भांडे स्वच्छ राहत नाही एवढे त्यातून दिसते. काही मांजरांच्या हनुवटीवर काळे ठिपके आणि पुटकुळ्या येतात. या त्रासाचे नेमके कारण ठरलेले नसले तरी पशुवैद्य अशा वेळी प्लास्टिकचे भांडे काढून पोलादाचे द्यायला सांगतात आणि ते रोज धुवायला लावतात. कित्येक मांजरांना त्याने आराम पडतो. कारंज्याची टाकी पोलादाची असली तरी पंप आणि तोटी प्लास्टिकचीच असते, हे ध्यानात ठेवावे.

प्राण्यांची भांडी किती मळलेली असतात, याची कल्पना लोकांना सहसा नसते. एनएसएफ या अमेरिकी संस्थेने २०११ मध्ये २२ घरांतील तीस वस्तूंची तपासणी केली होती. सर्वाधिक जंतू भांडी घासायच्या स्पंजवर निघाले, त्याखालोखाल सिंकमध्ये आणि टूथब्रशच्या स्टँडवर, आणि चौथा क्रमांक होता पाळीव प्राण्यांच्या भांड्यांचा. स्वच्छतागृहातल्या अनेक वस्तूंपेक्षा ही भांडी वरच्या क्रमांकावर होती. नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठाने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत कुत्रा पाळणाऱ्या ४१७ जणांना प्राण्यांचे अन्न आणि भांडी हाताळण्याच्या सरकारी सूचनांबद्दल विचारले, तेव्हा ४.७ टक्के लोकांनाच त्या ठाऊक होत्या. त्याच अभ्यासात गरम पाणी आणि साबणाने नीट धुण्याची पद्धत ज्यांना शिकवली त्यांच्या भांड्यांवरचे जिवाणू स्पष्टपणे कमी झाले. घरात रांगणारे मूल असेल, किंवा कोणाचे केमोथेरपीसारखे उपचार चालू असतील, तर ही गोष्ट प्राण्यापुरती राहत नाही. कच्चे मांस खाणाऱ्या कुत्र्याच्या लाळेतून साल्मोनेला पाण्यात येऊ शकतो.

धुण्याचे वेळापत्रक घरागणिक थोडे बदलते. एकच मांजर असेल तर पाणी दोन-तीन दिवसांनी पूर्ण बदलावे आणि आठवड्यातून एकदा कारंजे सगळे सुटे करून धुवावे. दोन-तीन प्राणी असतील, लांब केसांचे मांजर असेल किंवा कुत्रा असेल, तर पाणी रोज बदलावे आणि तीन-चार दिवसांनी धुवावे. एप्रिल-मेच्या उकाड्यात आणि समुद्रकाठच्या दमट हवेत थर लवकर धरतो, तेव्हा अंतर आणखी कमी करावे. रोज थोडे थोडे पाणी वरून ओतून टाकी भरलेली ठेवण्याची सवय वाईट. जुने पाणी कधीच पूर्ण निघत नाही आणि पाणी उडून जाते तसे त्यातले क्षार मागे राहून साठत जातात.

आठवड्याच्या धुण्याची सुरुवात प्लग काढण्यापासून करावी. मग पाणी ओतून टाकून वरचा भाग, तोटी, फिल्टर, फोम आणि पंप असे सगळे वेगळे करावे. रबरी पट्ट्या निघत असतील तर त्याही काढाव्यात. टाकी आणि वरचा भाग हाताला सोसेल इतक्या गरम पाण्यात भांड्यांचा सौम्य साबण घालून घासावा. घासणी मऊ असावी. तारेची घासणी, राख किंवा दाणेदार पावडर यांनी प्लास्टिकवर चरे पडतात. पाण्याची पातळी जिथे असते ती रेघ, तळाचे कोपरे आणि जोडाच्या खाचा यांवर जास्त वेळ द्यावा. तोटीसाठी आणि अरुंद नळ्यांसाठी बाटली धुण्याचा बारीक ब्रश लागतो. ही घासणी आणि ब्रश घरच्या भांड्यांपासून वेगळे ठेवावेत, वापरल्यावर वाळवावेत आणि महिन्या-दीड महिन्याने बदलावेत, कारण ओला स्पंज स्वतःच जंतूंचे घर असतो. साबण पूर्ण निघेपर्यंत वाहत्या पाण्याखाली धुवावे. साबणाचा वास राहिला तर मांजर पाण्याला तोंड लावत नाही. शेवटी सगळे भाग जाळीवर उपडे घालून पूर्ण कोरडे होऊ द्यावेत. फडक्याने पुसण्यापेक्षा हवेवर वाळवणे चांगले. वाळणे हाही धुण्याचाच भाग आहे, कारण बहुतेक जंतू ओलीवर जगतात. वाळेपर्यंत प्राण्याला साध्या भांड्यात पाणी द्यावे.

सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते पंपाकडे. टाकी लख्ख असते आणि पंपाच्या पोटात काळपट लगदा असतो. पुन्हा जोडल्यावर पहिल्या मिनिटात तो सगळ्या पाण्यात पसरतो. या पंपात मोटरीची तारांची गुंडाळी रेझिनमध्ये बंद केलेली असते, त्यामुळे पाणी आत जात नाही. बाहेर फिरतो तो एक छोटा दंडगोल चुंबक आणि त्याला जोडलेली पाती. पंपाच्या पुढचे झाकण नखाने किंवा बोथट चाकूने हलकेच उचलले की ते निघते आणि पात्यांसकट चुंबक बाहेर ओढता येतो. त्याच्या दांड्याला केस गुंडाळलेले असतात, ते चिमट्याने काढावेत. चुंबक, पाती आणि तो बसतो ती पोकळी जुन्या टूथब्रशने आणि कापसाच्या काडीने घासावी. पाणी आत येण्याच्या जाळीतला गाळही काढावा. पंप उकळत्या पाण्यात घालू नये. आतला रेझिन आणि प्लास्टिक त्याने खराब होते. पुन्हा जोडताना दांडा आपल्या जागी नीट बसला आहे ना ते पाहावे, नाहीतर पंप घरघरतो. पंपाला थंड ठेवण्याचे काम भोवतीचे पाणीच करते, म्हणून पातळी खाली जाऊन तो कोरडा फिरू लागला की थोड्या वेळात जळतो. आवाज वाढणे किंवा धार बारीक होणे ही पंप तुंबल्याची पहिली खूण, आणि बहुतेक वेळा नवा पंप न घेता साफ करून तो पूर्ववत चालतो.

बोअरचे किंवा टँकरचे पाणी वापरणाऱ्या घरांत आणखी एक अडचण येते. काठावर आणि पात्यांवर पांढरा खरखरीत थर जमतो, तो कॅल्शियम आणि मॅग्नेशियमच्या कार्बोनेटांचा. आयएस १०५०० नुसार पाण्याचा जडपणा लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत इष्ट आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालणारा मानला आहे. या वरच्या मर्यादेजवळचे पाणी कारंज्याला आठवडाभरातच पांढरे करते. या क्षारांनी प्राण्याला थेट अपाय होत नाही, पण खरखरीत पृष्ठभागावर बायोफिल्म अधिक घट्ट धरते आणि पंपही अडतो. साबणाने हा थर निघत नाही, आम्ल लागते. एक भाग पांढरे व्हिनेगर आणि एक भाग पाणी, किंवा लिटरभर कोमट पाण्यात चमचाभर लिंबूसत्त्व, अशा द्रावणात भाग अर्धा तास बुडवून ठेवले की क्षार सुटतात आणि घासल्यावर निघतात. महिन्यातून एकदा हे पुरते. व्हिनेगर क्षार काढायला उत्तम असले तरी जंतुनाशक म्हणून ते दुबळे आहे. त्यावर विसंबून साबण टाळू नये.

निर्जंतुकीकरण दर आठवड्याला लागत नाही. घरातले जनावर जुलाबाने आजारी पडले असेल, गुलाबी किंवा काळा थर वारंवार येत असेल, किंवा कोणाकडून वापरलेले कारंजे घेतले असेल, तेव्हा ते करावे. साधे, सुवास नसलेले, सुमारे पाच टक्के सोडियम हायपोक्लोराइट असलेले ब्लीच चार लिटर पाण्यात १५ मिलिलिटर, एवढे प्रमाण पुरेसे होते. भाग आधी साबणाने घासून स्वच्छ केलेले असावेत, कारण मळ शिल्लक असेल तर क्लोरीन मळावरच खर्च होते. पाच मिनिटे बुडवून मग भरपूर पाण्याने खळबळून वास जाईपर्यंत धुवावे आणि वाळवावे. पोलादी भाग यात तासन्‌तास ठेवू नयेत, त्यांना खड्डे पडतात. आणि ब्लीच व व्हिनेगर कधीही एकत्र करू नये, एकामागून एक वापरायचे असले तरी मध्ये नीट धुवावे. दोन्ही मिसळल्यास विषारी क्लोरीन वायू सुटतो. अमोनिया असलेल्या काचेच्या क्लीनरशी ब्लीचचा संबंध आला तरी घातक वायू तयार होतात.

फिनेलबद्दल अधिक ठामपणे सांगायला हवे. घराघरांत फरशीसाठी वापरले जाणारे काळे फिनेल फिनॉलच्या जातीच्या रसायनांचे असते, तर पांढऱ्यात बहुधा पाइन तेल असते. अशी रसायने शरीराबाहेर टाकण्यासाठी यकृतात जी प्रक्रिया लागते, ती मांजरांत फार कमजोर आहे. त्यामुळे माणसाला किंवा कुत्र्याला सोसणारी मात्रा मांजराला विषारी ठरू शकते. फिनेल, फरशीचे सुगंधी द्रव, निलगिरी किंवा टी ट्री यांसारखी तेले, यांतले काहीही कारंज्याला लावू नये. काही जंतुनाशकांत बेन्झाल्कोनियम क्लोराइड असते. ते चाटण्यात आले तर मांजराच्या जिभेवर आणि तोंडात व्रण पडतात. कारंज्याखालची फरशी पुसतानाही हाच नियम पाळावा, कारण सांडलेले पाणी मांजर फरशीवरून चाटते.

फिल्टर पहिल्यांदा बसवण्याआधी वाहत्या पाण्याखाली धुवावा, म्हणजे कोळशाची काळी भुकटी निघून जाते. त्यानंतर दर दोन ते चार आठवड्यांनी तो बदलावा. प्राणी जास्त असतील तर दोन आठवड्यांनीच. फोम दर धुण्याच्या वेळी साध्या पाण्यात पिळून काढावा. कोळशाच्या फिल्टरला साबण लावू नये, तो शोषला जाऊन नंतर पाण्यात उतरतो. फिल्टर महाग पडतात म्हणून तोच महिनोन्‌महिने ठेवण्यापेक्षा कोळशाचा फिल्टर काढून टाकून कारंजे फक्त धुतलेल्या फोमवर चालवणे आणि पाणी वरचेवर बदलणे अधिक आरोग्याचे. ज्या घरात आठवड्याचे धुणे जमणे शक्य नाही, तिथे कारंजे नसलेले बरे: पोलादाची दोन भांडी, रोज आलटून पालटून घासलेली आणि दोनदा ताज्या पाण्याने भरलेली, कोणत्याही मळक्या कारंज्यापेक्षा चांगली.

पावसाळ्यात अंगणात, गच्चीत किंवा बाल्कनीत ठेवलेल्या पाण्याचा प्रश्न वेगळा होतो. रात्री उंदीर-घुशी ते पाणी पितात आणि त्यांच्या लघवीतून लेप्टोस्पायरा जिवाणू त्यात येऊ शकतो. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोची साथ आली होती, आणि कोकणात व गोव्यातही पावसाळ्यात हा आजार दिसतो. कुत्र्यांना तो होतो, यकृत आणि मूत्रपिंडे निकामी करू शकतो आणि कुत्र्याकडून माणसालाही लागू शकतो. मांजरे सहसा त्याने आजारी पडत नाहीत. कुत्र्याला लेप्टोची लस दरवर्षी देणे आणि रात्री पाणी घरात घेणे, दोन्ही करावे. याच दिवसांत नळाला गढूळ पाणी येते, त्यातून जिआर्डिया या परजीवीचे कोष येऊ शकतात आणि ते क्लोरीनला सहज दाद देत नाहीत. पाणी उकळून, गार करून भरणे हा उपाय आहे.

डासांचेही भान ठेवावे लागते. पंप चालू असताना हलत्या पाण्यावर डास सहसा अंडी घालत नाहीत. पण भारनियमनात किंवा सुट्टीवर जाताना कारंजे पाण्यासकट बंद ठेवले, की ते घरातल्या इतर साठवणीसारखेच होते. डेंग्यू पसरवणारा एडिस डास भांड्याच्या भिंतीवर, पाण्याच्या रेषेच्या जरा वर अंडी चिकटवतो. ही अंडी कोरड्यातही महिनोन्‌महिने टिकतात आणि पाणी मिळताच फुटतात. त्यापुढे साधारण सात-दहा दिवसांत डास उडतो. नुसते पाणी ओतून अंडी जात नाहीत, भिंत घासावी लागते. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळण्याची आरोग्य खात्याची सूचना पिंपांसाठी आहे, पण कारंज्याचे धुणे त्याच दिवशी ठेवले तर दोन्ही कामे होतात. बाहेरगावी जाताना कारंजे धुऊन, वाळवून, सुटे करून ठेवावे आणि फिल्टर टाकून द्यावा. प्राण्याची काळजी घेणाऱ्याकडे साधी भांडी सोपवावीत. वीज गेली आणि टाकीवर झाकण असेल तर मांजराला पाण्यापर्यंत पोचताच येत नाही. कारंजे लिटर बॉक्सपासून लांब आणि खाण्याच्या ताटलीपासून काही हात दूर असावे, म्हणजे चुरा कमी पडतो.

धुण्याच्या दिवशी टाकीत मोजून पाणी भरले तर आणखी एक फायदा मिळतो: प्राणी किती पितो ते कळते. काही पाणी हवेत उडून जाते, त्यामुळे आकडा नेमका नसतो, पण आठवड्या-आठवड्यातला फरक दिसतो. कुत्र्याचे पिणे किलोमागे दिवसाला १०० मिलिलिटरच्या वर गेले, किंवा मांजर अचानक पूर्वीच्या दुप्पट पिऊ लागले, तर मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असू शकतो आणि रक्त-लघवी तपासावी लागते. पिणे एकाएकी घटले तर आधी कारंज्याचा वास घेऊन पाहावा, पंप उघडावा आणि शेजारी साधे भांडे ठेवावे. त्यातूनही प्राणी पीत नसेल तर दुखणे दुसरीकडे आहे. बोका लिटर बॉक्समध्ये पुन्हा पुन्हा बसून कुंथत असेल आणि लघवी होत नसेल, तर मूत्रमार्ग अडलेला असू शकतो. एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो, म्हणून त्याला त्याच तासाला दवाखान्यात न्यावे. जुलाब दोन दिवसांहून जास्त टिकले तर विष्ठेचा नमुना तपासायला द्यावा. जिआर्डियाचे कोष रोज बाहेर पडत नसल्याने पशुवैद्य अनेकदा तीन वेगवेगळ्या दिवसांचे नमुने मागतात, आणि उपचार चालू असेपर्यंत कारंजे बाजूला ठेवून साधी भांडी रोज उकळत्या पाण्याने धुवायला सांगतात.